बातमी आणि जाहिरात यांमधली रेघ

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या गावांची नावे देशभर गेली ती एका वर्तमानपत्राच्या पूर्ण पानामुळे. २००८ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'ने तेथील बीटी कापसावर पानभर वृत्तांत छापला. या बियाण्याने शेतकऱ्याचे दिवस पालटले, या दोन गावांत एकानेही आत्महत्या केलेली नाही, असा त्याचा आशय होता. पुढे २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर त्याच वर्तमानपत्रात पुन्हा पानभर आला. या वेळी मात्र तो विपणनाचा भाग म्हणून आला होता, आणि वार्ताहरांच्या यवतमाळ भेटीची व्यवस्था महिको मोन्सँटो बायोटेक या बियाणे कंपनीने केली होती, हे बारीक अक्षरांत नमूद होते. एकच मजकूर आधी बातमी आणि नंतर जाहिरात!

मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती भांबराजात आली. तेव्हा गावकऱ्यांनी खासदारांना सांगितले, की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त ही सारी हकिकत मांडली. २००३ ते २००९ या काळातील नऊ आत्महत्यांची त्या वृत्तपत्राने खातरजमा केली होती. २००८ चा मजकूर वार्ताहरांचा स्वतःचा होता, आपण केवळ प्रवासाची सोय केली, असे कंपनीचे म्हणणे होते.

बीटी कापूस चांगला की वाईट, हा येथे आमचा विषय नाही. कंपनीचे म्हणणे जसेच्या तसे खरे मानू. कोणीही जाणूनबुजून खोटे लिहिले नाही, असेही मानू. तरीही प्रश्न उरतोच. ज्याची गाडी, त्याचाच रस्ता. जो आपल्याला गावात नेतो, तो आपल्याला कोणत्या उंबऱ्यावर नेईल आणि कोणत्या घरावरून पुढे नेईल, हे तोच ठरवितो. वाचकाला ती गाडी कोणाची होती हे पहिल्याच दिवशी ठळकपणे कळले असते, तर त्याने तो मजकूर वेगळ्या सावधपणाने वाचला असता. म्हणूनच आमच्या मते, पत्रकारितेतील नीती केवळ खोटे न लिहिण्यापुरती नाही. खर्च कोणी केला हे सांगणे आणि ज्याला कोणी विचारीत नाही त्याच्या दारापर्यंत जाणे, हीही नीतीच होय.

हा विचार आपल्याला परका नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, ते ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांच्यासाठीच. राजर्षी शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. तरीही ते पत्र फार काळ टिकले नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या 'बहिष्कृत भारता'लाही पैशाच्या चणचणीने ग्रासले. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले, की एके काळी व्यवसायधर्म असलेली पत्रकारिता आता व्यापार झाली आहे आणि साबण तयार करण्यात जेवढे नैतिक कर्तव्य असते त्याहून अधिक तिच्यात उरलेले नाही. स्वतः पत्र चालविताना झीज सोसलेल्या माणसाचे हे उद्गार आहेत, हे विसरता कामा नये.

मग दोष कोणाचा? तालुक्याच्या वार्ताहराला बोल लावणे सोपे आहे. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात त्याने आचारसंहिता वाचलेली असते. बातमी आणि जाहिरात यांत स्पष्ट भेद दिसला पाहिजे, हा नियम त्याला पाठ असतो. पण अनेक ठिकाणी त्याच्या हाती येणारे मानधन तुटपुंजे असते आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली की जाहिराती गोळा करण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडते. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागावयाची, त्याच्याचविरुद्ध सायंकाळी बातमी कशी लिहावी? २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. भारतीय पत्रकार परिषदेच्या उपसमितीने २०१० साली त्यावर सविस्तर अहवालही तयार केला. परंतु परिषदेला समज देण्याचा अधिकार आहे, शिक्षा करण्याचा नाही. जो अंक आपण चार-पाच रुपयांत घेतो, त्याचा उरलेला खर्च कोणीतरी भरीतच असतो, आणि भरणारा आपली किंमत वसूल करतो. या व्यवहारात आपण वाचकही सामील आहोत.

म्हणून नीतीचे हे शिक्षण पत्रकारितेच्या महाविद्यालयावर सोपवून चालणार नाही. ते शाळेतच सुरू झाले पाहिजे. सम्यक वाचेचा पाठ आपली मुले रोज ऐकतात. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी वाणीची कसोटी सांगितली आहे: वचन सत्य असावे, हितकर असावे, आणि ऐकणाऱ्याला ते अप्रिय असले, तरी योग्य वेळ पाहून बोलावे. बातमीसाठी याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही. वसतिगृहाच्या भित्तिपत्रकासाठी मूल जेव्हा भोजनगृहाविषयी चार ओळी लिहिते, तेव्हा त्याने स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही विचारले का, ऐकीव गोष्ट पडताळून पाहिली का, हे शिक्षकांनी विचारावे. ते लिखाण शाळेला अप्रिय असले, तरी खरे असेल तर भिंतीवरून उतरवू नये. हे दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे आणि ते मुलांचे नाही, आपले आहे.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीही एवढे करावे. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तो कोणी लिहिला आणि कोणाच्या पैशाने लिहिला, हे पाहावे. आपल्या वस्तीची खरी बातमी देणाऱ्या छोट्या पत्राची वर्गणी वेळेवर भरावी. 'मूकनायक' बंद पडले याची हळहळ आपण दरवर्षी व्यक्त करतो; पण आज निघणाऱ्या पत्रांची वर्गणी थकविणारेही आपल्यातच आहेत.

या स्मरणिकेतही हितचिंतकांच्या शुभेच्छा-जाहिराती आहेत. त्यांच्या साहाय्याविना हा अंक निघता ना. त्यांचे आम्ही ऋणी आहोत, आणि प्रत्येक जाहिरातीवर 'जाहिरात' हा शब्द ठळक अक्षरांत छापावा, अशी आमची विनंती आहे.