नाताळचा डोनट आणि घरांतील मार्था

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळ्या व चकल्या यांचा घमघमाट सुटतो. अलीकडे ह्या फराळांत एका नव्या पाहुण्याची भर पडावी, असा मुलांचा हट्ट असतो. तो पाहुणा म्हणजे चॉकलेटचा डोनट. त्याचें नांव ऐकतांच वडील मंडळी नाक मुरडतात. मला त्यांत नाक मुरडण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. आज प्रत्येक ख्रिस्ती घरांत मानानें कापला जाणारा केक तरी आपल्या पणजीच्या पणजीनें कोठें पाहिला होता? माझें म्हणणें एवढेंच कीं, डोनट खावयाचा तर तो घरीं करावा. आणि घरीं करावयाचा तर तो घरांतील सर्वांनीं मिळून करावा. ह्यांतील दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते.

डोनट हा मूळचा घरगुतीच पदार्थ आहे. हॉलंडांतील लोक वर्षअखेरच्या रात्रीं पिठाचे गोड गोळे तेलांत तळून आजही खातात. त्यांचे पूर्वज न्यूयॉर्काकडे वसाहत करण्यास गेले, तेव्हां हा पदार्थ त्यांच्याबरोबर गेला. वॉशिंग्टन अर्व्हिंग ह्या ग्रंथकारानें १८०९ सालीं लिहिलेल्या न्यूयॉर्कच्या विनोदी इतिहासांत डोनटाचा उल्लेख आहे. यहुदी लोक मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणांत असेच तेलांत तळलेले गोड पदार्थ करतात. त्याच सणाच्या दिवसांत प्रभु मंदिरांत फिरत होता, असें आपण योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत वाचतों. पुढें १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धांत, मुक्तिफौजेच्या हेलन पर्व्हियन्स व मार्गारेट शेल्डन ह्या दोघी फ्रान्समध्यें अमेरिकन शिपायांच्या सेवेस होत्या. जवळ सामान थोडें, लाटणें तर नव्हतेंच. त्यांनीं बाटलीनें पीठ लाटलें आणि पहिल्या दिवशीं १५० डोनट तळून वाटले. आपल्यासाठीं कोणीतरी चुलीपाशीं उभें राहिलें, हेंच घरापासून दूर पडलेल्या त्या तरुणांस अधिक गोड लागलें असावें.

आतां कृति सांगतों. २५० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे कोको, ५० ग्रॅम साखर, एक लहान चमचा कोरडें खमीर व चिमूटभर मीठ एकत्र करावें. त्यांत एक अंडें, तीन मोठे चमचे पातळ केलेलें लोणी आणि लागेल तसें, सुमारें १२५ मिलिलिटर कोमट दूध घालून १० मिनिटें चांगलें तिंबावें. दूध बोटास सहज सोसेल इतकेंच कोमट असावें. कढत दुधानें खमीर मरतें. पीठ झांकून ठेवावें. डिसेंबरच्या थंडींत तें दुप्पट फुगण्यास दीड-दोन तास लागतात. मग अर्धा इंच जाड पोळी लाटून वाटीनें चकत्या पाडाव्यात व बाटलीच्या झांकणानें मध्यें भोंक पाडावें. हें भोंक केवळ शोभेसाठीं नाहीं. त्यामुळें आंच मध्यापर्यंत पोंचते व पोट कच्चें राहत नाहीं. पुन्हां अर्धा तास ठेवून १८० अंशांच्या भट्टींत १० ते १२ मिनिटें भाजावें. भट्टी नसल्यास मंद आंचेवर तेलांत तळावें. शेवटीं गरम पाण्यावर वितळविलेलें चॉकलेट वर माखावें.

शुभवर्तमानांतील दाखल्यांत एका स्त्रीनें तीन मापें पिठांत लपविलेलें खमीर कोणाच्या नजरेस न पडतां आपलें काम करीत राहतें. घरोघरच्या आईचें कामही असेंच चालतें. माझ्या लहानपणीं २४ डिसेंबरच्या रात्रीं वडील व आम्ही भावंडें गाणीं गात घरोघर फिरत असूं आणि आई एकटीच कढईपाशीं बसलेली असे. पुढें माझें घर झालें व तेथेंही तोच क्रम चालू राहिला. एके वर्षीं धाकट्या मुलीनें सहज विचारलें, “बाबा, नाताळचीं गाणीं आईनें कधीं शेवटपर्यंत ऐकलीं आहेत का?” मी मंडळींत उपदेश करणारा, मुलांस पवित्र शास्त्र शिकविणारा, पण त्या प्रश्नापुढें मजपाशीं उत्तर नव्हतें.

मार्था व मरिया ह्या दोघी बहिणींची गोष्ट आपण सर्व जाणतों. मरियेनें उत्तम भाग निवडला, हें खरें. परंतु तो भाग निवडण्याची मोकळीक आपण आपल्या घरच्या मार्थेस ठेवितों काय? आपण सारे गाण्याला जातों, भजनाला जातों, आणि परत आल्यावर ताट आयतें मिळावें अशी अपेक्षा करितों.

कोणी म्हणतील, मुलग्यांनीं स्वयंपाकघरांत काय करावयाचें? त्यांनीं योहानाचा एकविसावा अध्याय उघडावा. पुनरुत्थित प्रभूनें सरोवराच्या कांठीं विस्तवावर मासळी व भाकर सिद्ध ठेवून आपल्या थकलेल्या शिष्यांस न्याहारीस बोलाविलें. जें काम प्रभूस हलकें वाटलें नाहीं, तें इयत्ता नववींतील मुलास हलकें कां वाटावें? कणीक तिंबण्यास तर बळकट मनगटच लागतें.

चॉकलेटाविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. जगांतील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना ह्या दोन आफ्रिकन देशांतून येतो. तेथें २०१८-१९ च्या हंगामांत सुमारें १५ लाख ६० हजार मुलें कोकोच्या मजुरींत गुंतलेलीं होतीं, असा अंदाज शिकागो येथील एका संशोधन-संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केला. आपल्या जिभेवरचा गोडवा तुमच्याच वयाच्या मुलांच्या श्रमांतून येत असेल, तर तो निष्काळजीपणें चघळून टाकण्याजोगा नाहीं. चॉकलेट सोडाच, असें मी म्हणत नाहीं. तें बेतानें घ्यावें, वांया दवडूं नये, आणि कष्टकऱ्यास योग्य मोबदला दिल्याचें चिन्ह असलेला माल मिळत असेल तर तोच निवडावा. दुसऱ्याचे कष्ट ओळखण्याचा धडा घरांत आईपासून सुरू होतो आणि तो दूरच्या मळ्यापर्यंत पोंचला पाहिजे.

पालकहो, आपल्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात. दिवाळीच्या फराळासही हें सारें तितकेंच लागू आहे. त्या दिवसांत शेजारच्या घरांतून आमच्याकडे फराळाचें ताट येतें. नाताळांत तें ताट रिकामें परत जाऊं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, यंदा २४ तारखेस दुपारींच बाह्या सरसावा. पीठ तुम्ही तिंबा, लहान भावंडांना भोंकें पाडूं द्या, भांडीं वडिलांसह घांसा. पहिला डोनट आईच्या हातावर ठेवा. मग चूल विझवा, आणि रात्रीं गाणीं म्हणावयास निघाल तेव्हां आईस बरोबर घेऊन निघा.