स्विंग आठ दिवसांत येत नाही

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर सॉफ्टबॉलच्या सिलेक्शनचा कागद लागला की पुढे काय होतं, ते आपल्याला पाठ आहे. क्रिकेटमधले चार, हँडबॉलमधले तीन, कबड्डीतले दोन असे नऊ जण गोळा होतात. "अबे, क्रिकेट खेळतो ना तू? मग सॉफ्टबॉल जमतेच!" एवढ्यावर टीम पक्की. आठ दिवस प्रॅक्टिस, मग प्रवास, मग मॅच, मग सर्टिफिकेट.

सर्टिफिकेटला मी नावं ठेवत नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. ऊर्जानगर, दुर्गापूर, बल्लारपूरच्या पोरापोरींना ते हवं असेल तर त्यात चूक काय? पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. त्यामुळे खेळ खरंच येत असेल तरच त्या कागदाला मान आहे. आणि सॉफ्टबॉलमध्ये खेळ येतो की नाही, हे बॅट हातात घेतल्यावर लगेच कळतं.

फिल्डिंग दुसऱ्या खेळातून उसनी आणता येते, धावणंही आणता येतं. बॅटिंग आणता येत नाही.

कारण साधं आहे. क्रिकेटची पिच 66 फुटांची. सॉफ्टबॉलमध्ये मुलींसाठी पिचर 43 फुटांवर उभी असते, मुलांसाठी 46 फुटांवर. बॉल हात खालून फिरवून टाकतात म्हणून तो हळू येतो असं समजू नका. ताशी 95 किलोमीटरने आलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत तुमच्यापर्यंत पोहोचतो. टप्पाही पडत नाही. तेवढ्या वेळात बॉल पाहायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं आणि गोल बॅट गोल बॉलवर आणायची. तिथे डोकं चालवायला वेळच नसतो, अंगात मुरलेली सवयच कामी येते. क्रिकेटवाल्याची सवय सरळ बॅटची, टप्प्याची वाट बघायची. म्हणूनच चौकार-षटकार मारणारा आपला भिडू इथे तीन स्ट्राइकमध्ये परत येतो.

मग सवय मुरवायची कशी? रोज अर्धा तास आणि काही घरगुती जुगाड. बस.

पहिलं, टी. बादलीत वाळू भरा, त्यात कमरेइतका पीव्हीसी पाइप उभा करा, वरच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवा. झाला बॅटिंग टी. त्यावर बॉल ठेवून मारायचा. मधला बॉल पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाजवळचा त्याच्याही थोडा पुढे, बाहेरचा थोडा मागे. तिन्ही जागी 15-15 फटके. समोर दोरीवर जुनी सतरंजी टांगली की बॉल आणायला धावावं लागत नाही.

दुसरं, भिंत. बॅटचं मुठीकडचं टोक बेंबीला आणि दुसरं टोक भिंतीला टेकेल एवढ्या अंतरावर, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. आता बॅटिंगचा पवित्रा घेऊन भिंतीला न लागता सावकाश स्विंग करा. बॅट भिंतीला घासली तर समजा, हात अंगापासून फार लांब फिरताहेत. हात जवळून आले तरच बॅट वेळेत पोहोचते.

तिसरं, एका हाताचा स्विंग. छोटी, हलकी बॅट घ्या. आधी फक्त खालच्या हाताने दहा, मग वरच्या हाताने दहा. कोणता हात आळशी आहे ते लगेच दिसतं.

चौथं, सॉफ्ट टॉस. जोडीदार बाजूला, थोडा पुढे, बॅटच्या टप्प्याबाहेर गुडघ्यावर बसतो आणि खालून हलका बॉल उडवतो. टेनिस बॉल चालतो, गुंडाळलेले मोजेही चालतात. पुढचं पाऊल टाकून क्षणभर थांबा, मग मारा. जोर पायातून निघतो, कमरेतून वर येतो, हात शेवटी. आपल्याकडे बहुतेकांचं उलटं असतं, आधी हात पळतात.

नजर बसवायची असेल तर झाडूचा दांडा घ्या आणि बाटलीची झाकणं मारा. हसू नका. 1887 मध्ये शिकागोत हा खेळ सुरू झाला तोच मुळी दोरीने बांधलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह आणि झाडूचा दांडा घेऊन!

कोणी म्हणेल, टीवरचा बॉल जागचा हलत नाही, मॅचमधला हलतो. खरं आहे. टी टायमिंग शिकवत नाही. त्यासाठी समोरून बॉल टाकणारा लागतो, मॅच लागतात. पण स्विंगच वाकडा असेल तर टायमिंग कशाचं साधणार? आणि चुकीचा स्विंग रोज शंभर वेळा केला तर चूकच पक्की होते. म्हणून आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा, सरांना दाखवा. हात थकून बॅट खाली पडायला लागली की थांबा.

हे घरी करायला सांगतो, त्याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, दुपारचं ग्राउंड विसरा. संध्याकाळचं म्हणाल तर फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला, पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा गेला. अंधार पडायच्या आत घरी ये, असं आई म्हणते ते उगीच नाही. यात मुलींची प्रॅक्टिस आधी बुडते. बादली, पाइप आणि सतरंजी अंगणात, गच्चीवर, क्वार्टरच्या भिंतीशी कुठेही मावते. ग्राउंडवरचा वेळ मग टीमसाठी वापरता येतो.

कॉलेजांकडे मागणी एकच. नवीन ट्रॅकसूट नंतर द्या. सत्र सुरू झालं की जुलैतच नावं घ्या, दोन टी आणि एक जाळी ग्राउंडवर कायम ठेवा. सिलेक्शनच्या दिवशी "कोणता खेळ खेळतोस?" असं विचारण्याऐवजी वीस बॉल मारायला लावा. ओळखीचा कोण, सीनियर कोण, हे प्रश्नच उरणार नाहीत.

सॉफ्टबॉल पॅरिस ऑलिंपिकमध्ये नव्हता, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो परत येतोय. ऊर्जानगरहून थेट तिथे जाण्याच्या गप्पा मी मारणार नाही. पण 2028 पर्यंत रोज पन्नास फटके मारणाऱ्या पोरीला मुलाखतीत कोणी विचारलं, "खरंच खेळलीस का गं?" तर तिला फाइल उघडावी लागणार नाही. बॅट मागितली तरी पुरे.