खाली सही कोणाची?

परवा संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर नेहमीचा विषय निघाला. तोच हो, मोबाईल आणि तरुण पिढी! समोरून आयटीतली मुलं पाठीला सॅक अडकवून, मान खाली घालून चालली होती. "या सोशल मीडियानं एक अख्खी पिढी वाया घालवली," एक आजोबा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही सवयीनं डोलावली.

पाचच मिनिटांत त्याच आजोबांकडून माझ्या फोनवर एक संदेश आला. अमुक फळाची सालं उकळून प्या, मधुमेह मुळापासून जातो, डॉक्टर हे मुद्दाम लपवतात, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. खाली हात जोडलेली दहा चित्रं.

तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. नातेवाईक मंडळी रागावतील. रागावा, पण पूर्ण वाचून रागावा.

तरुणांचं काय व्हायचं ते होवो, पण घरोघरच्या ग्रुपांवर खोटं पसरवण्यात आपण पासष्टी-सत्तरीची माणसं कुणाच्याही मागे नाही. उलट आपण जास्त धोकादायक आहोत. कारण तरुणाला कोणीही "काय फालतू पाठवतोस" म्हणतं. आपल्याला कोणी म्हणत नाही. सुनेला कळतं, भाच्याला कळतं, नातवाला तर लगेच कळतं. पण मोठ्यांना कसं सांगायचं, म्हणून सगळे गप्प बसतात. आणि ते गप्प बसले की आपल्याला वाटतं, पटलं सगळ्यांना!

यातला बराचसा भाग नुसता हसण्यावारी नेण्यासारखा आहे. पु.ल. गेले २००० साली, व.पु. गेले २००१ साली, आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ साली. तरी दोघेही रोज सकाळी आमच्या ग्रुपवर नवीन सुविचार लिहितात. मराठी शिकवलेली बाई म्हणून माझ्या जिवाचं पाणी होतं, पण त्यानं कोणाचा जीव जात नाही. असो.

जीव जातो तेव्हाची गोष्ट सांगते. त्यात मी स्वतः आहे, म्हणून सांगायचा अधिकार आहे असं समजते.

जून २०१८. "सावधान! मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे" असा संदेश मला आला. सोबत चित्रफीत, मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या मुलाला उचलून पसार होतात. माझ्या छातीत धस्स झालं. नात तेव्हा लहान, खाली बागेत खेळायची. मी तो संदेश तीन ठिकाणी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर, घरच्या ग्रुपवर आणि माझ्या जुन्या दहावीच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

दोन दिवसांनी आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी बोहारीण आली. तिला गेटवरच अडवलं. पंधरा-वीस माणसं जमली. तिचं गाठोडं रस्त्यावर उलगडलं, स्टीलचे डबे घरंगळत गेले. "पोरं पळवायला येतेस का?" असं तिला विचारणारे लोक शिकलेले होते, चांगल्या पगाराचे होते. कोणीतरी ओळखीचं मध्ये पडलं म्हणून निभावलं. ती रडत डबे गोळा करत होती ते मी गॅलरीतून पाहिलं. त्यानंतर ती आमच्या सोसायटीत आली नाही.

त्याच आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, तुमचा मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला हं. बाई पाठवतात म्हणजे खरंच असणार." खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटलं होतं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागत होते. मुलं पळवणारे आले म्हणून जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण गेले. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ती माणसं. आपल्या लहानपणी दारात आली तर आई सूपभर धान्य घालायची.

दुसऱ्या दिवशी बातमी वाचली आणि विद्यार्थ्याचं वाक्य आठवलं. "बाई पाठवतात म्हणजे खरंच असणार." माझाच संदेश तिथवर पोचला असं मी म्हणत नाही. पण पोचलाच नसेल, असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

पुढे कळलं ते आणखी लाज आणणारं. ती चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. आणि कापलेला तुकडा मी वाटला!

आता नेहमीची उत्तरं येतील, ती एकेक घेते.

पहिलं, "आम्ही काळजीपोटी पाठवतो." मीही काळजीपोटीच पाठवलं होतं. काळजी खरी असली म्हणून बातमी खरी होत नाही.

दुसरं, "कंपनीनं बंदोबस्त करावा." थोडा केला की. राईनपाड्यानंतर त्याच जुलैत पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण आली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आली. २०२० साली, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. पण आतला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही, तशीच त्याची रचना आहे. म्हणजे तो खरा की खोटा हे पाहायला मधे कोणी बसलेलं नाही. पाठवणारी मी आणि वाचणारे तुम्ही.

तिसरं, "सरकारनं कडक कायदा करावा." तोही अनुभव आपण घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि मैत्रिणीनं त्या नुसत्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते ६६अ कलम शेवटी मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. आणि पुण्यात हडपसरला जून २०१४ मध्ये काय झालं? फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून दंगा उसळला आणि आयटीत नोकरी करणाऱ्या मोहसीन शेख या तरुणाला जमावानं मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कायदा स्वतःच्या नावानं लिहिणाऱ्या मुलीला पकडतो. निनावी मजकूर पसरवणारे आपण हजारोंनी असतो, आपल्याला कोण पकडणार?

मग उपाय काय? उपाय मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत होते. पत्रलेखन! वर उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि दिनांक, मग मायना, मग मजकूर, खाली सही. पत्ता-दिनांक विसरला की मी गुण कापायची. मुलं कुरकुरायची, एवढ्याशा गोष्टीला काय बाई! आज कळतं की ती एवढीशी गोष्ट नव्हती. कुठून, केव्हा आणि कोण, हे ज्याला नाही ते निनावी पत्र. आपल्या वडिलांच्या काळी निनावी पत्र आलं तर ते फाडून टाकत, शेजाऱ्यांना वाचून दाखवत नसत.

साखळी पोस्टकार्डं आठवतात ना? "हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रं लिहा, नाहीतर अनर्थ होईल." तेव्हाही भित्री माणसं होतीच. पण अकरा कार्डांना पंधरा पैशांप्रमाणे एक रुपया पासष्ट पैसे पडत आणि हात दुखेपर्यंत लिहावं लागे. चारपाच कार्डांनंतर अक्कल परत यायची. आता अंगठ्याला तेवढा वेळच मिळत नाही.

हे साधन वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही, हिंजवडीत राहून तर नाहीच. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यातला पाऊस आठवा. आयटी पार्कातल्या रस्त्यांच्या नद्या झाल्या. ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए यांच्यामध्ये इथला रस्ता नेमका कोणाचा हे सामान्य माणसाला कधी कळलेलं नाही. त्या दिवशी ज्या पोरांना आपण कट्ट्यावर नावं ठेवतो, त्यांनीच गुडघाभर पाण्यात उभं राहून चित्रफिती काढल्या, ठिकाण लिहिलं, स्वतःच्या नावानं टाकल्या. जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटे इथे पाहणीला आले. सगळे प्रश्न सुटले असं नाही, पण यायला तर लागलं! कारण त्या मजकुरात पत्ता होता, दिनांक होता आणि खाली सही होती.

म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे. जे मी स्वतः पाहिलं नाही किंवा ज्याच्याखाली मी माझं नाव लिहायला तयार नाही, ते मी पाठवणार नाही. आणि घरातल्या लहानांना सांगून ठेवलंय की आजीनं चुकीचं पाठवलं तर सगळ्यांसमोर सांगा. मागच्या महिन्यात नातीनं सांगितलंही. क्षणभर राग आला, मग तिला शाबासकी दिली.

त्या आजोबांना मी उत्तर पाठवलं आहे, "ही माहिती कोणत्या डॉक्टरांनी, कुठे, कधी सांगितली?" अजून जबाब नाही. दोन दिवस कट्ट्यावर माझ्याशी जरा तुटकच बोलताहेत.

चालेल. बोहारणीचे डबे घरंगळले त्या आवाजापेक्षा हा अबोला परवडला.