म्हाताऱ्याने गाऊ नये काय?

28 जानेवारी 2024 च्या रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर स्टिंग गाणार, ही बातमी आमच्या सकाळच्या भाईंदर-चर्चगेट गाडीत पोहोचली तेव्हा डब्यातील एका जुन्या सोबत्याला मी म्हटले, "येता का? दोघे मिळून जाऊ." ते गृहस्थ हसले. "बहात्तर वर्षांचा म्हातारा आता काय गाणार? आवाज राहिला नसणार. रेकॉर्ड घरी आहे, ती ऐकेन. त्यानेही आता घरी बसावे!" भोवतीच्या चौघांनी माना डोलावल्या. एक हात कडीला आणि दुसरा खिशावर असताना वाद घालता येत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. तो राहिलेला वाद आज घालतो.

स्टिंग, म्हणजे गॉर्डन समनर, याचा जन्म 1951 चा. आधी शाळामास्तर, मग गवई. मार्च 1980 मध्ये 'द पोलिस' या आपल्या तिघांच्या वाद्यवृंदासह तो मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात गाऊन गेला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमांपायी रंगभवनातले असले दणदणीत कार्यक्रम बंद पडले. त्या रात्री उघड्यावर बसून ज्यांनी ते गाणे ऐकले, ते आज आजोबा झाले आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना आणि आमच्या सोबत्यांनाही खरे म्हणजे स्टिंग नकोच आहे. त्यांना 1980 साल हवे आहे. ते कोणताही गवई देऊ शकत नाही. आणि मिळाले नाही की दोष मात्र गवयाच्या गळ्याला!

मग वयस्क गायकाच्या मैफलीत अपेक्षा तरी कशाची ठेवावी? स्पष्टच सांगतो. वयाबरोबर स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, छातीतला दम आखूड होतो. म्हणून असे पुष्कळ गायक पट्टी खाली आणतात, लांब ओळ दोन श्वासांत तोडतात, वाद्यांना अधिक जागा देतात आणि ध्रुवपद श्रोत्यांच्या तोंडी सोपवतात. आमचे गृहस्थ याला फसवणूक म्हणतील. पण मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या उंबरठ्यावर गात होते, तेव्हा "धारवाडला जाऊन स्वस्थ बसा" असे त्यांना सांगण्याची कोणा रसिकाची छाती झाली होती काय? उलट, त्या गळ्यात आयुष्य उतरले आहे, असे म्हणून आपण डोळे पुसले. बालगंधर्वांचे तर उतारवयातले गाणेही महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. ख्यालाला आणि नाट्यपदाला एक न्याय, आणि रॉकला दुसरा का?

"रॉक हे तारुण्याचेच गाणे," असे यावर उत्तर मिळते. हे कोणी ठरवले? रॉकचा जन्मच मुळी 1950 च्या दशकातला. त्याची पहिली पिढी आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी होते आहे. म्हातारा रॉक-गायक कसा गातो, हे त्यापूर्वी जगात कोणालाच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मिक जॅगर 2003 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर गायला, तेव्हा साठीला टेकला होता. त्यानंतर वीस वर्षांनी, 2023 मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या या गृहस्थाच्या रोलिंग स्टोन्सने नव्या गाण्यांची तबकडी काढली! ज्या परंपरेचे म्हातारपण अजून लिहिले जात आहे, तिचा शेवटचा अध्याय आपण लोकलच्या डब्यात लिहून टाकावा, हा कुठला रसिकपणा?

राहिली रेकॉर्ड. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गाणे 1983 चे. लोक ते लग्नसमारंभात हौसेने वाजवतात. वस्तुतः ते आहे एका पछाडलेल्या माणसाचे, सोडून गेलेल्या बाईवर अहोरात्र नजर ठेवणाऱ्याचे. एकतीस वर्षांच्या गळ्यात त्या शब्दांना धाक आहे. तेच शब्द सत्तरी उलटलेला माणूस समोर उभा राहून म्हणतो, तेव्हा मला त्यात धाकापेक्षा एकटेपणा अधिक ऐकू येतो. रेकॉर्डमध्ये हा अर्थ सापडणार नाही, कारण तो अर्थ त्या दिवशी जन्मलाच नव्हता. त्यासाठी जावे लागते, तासन्‌तास उभे राहावे लागते, गुडघ्यांची समजूत घालावी लागते आणि परतीच्या गाडीकडे अर्धा डोळा ठेवावा लागतो. मी हे सारे केले.

आणि "घरी बसावे" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्टिंग जन्मला वॉल्सेंडला, जहाजे बांधणाऱ्या गावात. त्या गावचा तो धंदा बुडाला. साठी उलटल्यावर त्याने त्या गोदीवर आणि तिथल्या कामगारांवर गाणी रचली. 2013 मध्ये 'द लास्ट शिप' या नावाने ती निघाली आणि पुढल्याच वर्षी ब्रॉडवेवर त्यांचे संगीतक उभे राहिले. साठीला तो घरी बसला असता, तर वॉल्सेंडचे हे गाणे कोणी गायले असते?

आता आपल्या गावाकडे पाहू. भाईंदर हे मिठागरांचे गाव. आज मिठागरांच्या गावात इमारतींची दाटी झाली आहे. राई, मुर्धे, मोर्वे या गावांतून मिठागरात राबलेली माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत. खाडीची भरती-ओहोटी, उन्हात पिकणारे मीठ आणि ते ओढताना तडकणारे तळपाय त्यांना ठाऊक आहेत. लग्नाच्या मांडवातली जुनी गाणीही त्यांना येतात. त्यांना आपण काय सांगितले? हेच, की आता घरी बसा. ती बिचारी बसली. म्हणून आमच्या मिठागरांचे गाणे अजून माझ्या कानांवर आलेले नाही.

मीरा-भाईंदरला लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तिथे एका संध्याकाळी या माणसांना बोलवा. सूर हलेल, ओळ विसरेल, मध्येच खोकला येईल. ही अपेक्षा आधीच मनाशी धरून पुढल्या रांगेत बसा. आमच्या डब्यातल्या सोबत्यांचे तिकीट मी काढीन.