नांदायला येण्याची नोटीस

मागच्या महिन्यात कारंज्याजवळच्या एका खेड्यातली बाई आमच्या केंद्रात आली. कमरेच्या पिशवीतून तिनं चौपट घडीचा कागद काढला. "ताई, मले वाचून सांगा. गावात म्हणून राह्यले का माह्यावर वारंट निघालं." वारंट नव्हतं. नवऱ्यानं हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा टाकला होता. बायको कारण नसताना घर सोडून गेली आहे, तिला नांदायला येण्याचा हुकूम व्हावा, असा. चार वर्षं मार खाऊन ती माहेरी आली होती. तिनं खावटीचा अर्ज केला आणि महिन्याच्या आत हा दावा आला. आमच्याकडे ही जोडी आता ठरूनच गेली आहे. बाईनं खावटी मागितली की नवरा नांदणं मागतो.

त्याच आठवड्यात एका कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता 'ब्रिटिश आणि भारतीय यांचे बदलते सांस्कृतिक संबंध'. माझ्या आधीचे वक्ते शकुंतला रेल्वेवर फार हळवे होऊन बोलले. हळवं व्हायला माझी हरकत नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद लोहमार्गावरची गाडी कारंज्यावरूनच जायची, आणि माझ्या आईचं बाळंतपणाला माहेरी जाणं त्याच गाडीनं झालं. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती उभी केली. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. आता गाडीच बंद आहे. ती सुरू व्हावी असं मलाही वाटतं, कारण एसटीच्या तिकिटाचे पैसे जिच्याकडे नसतात ती बाईच असते.

पण ती गाडी आपल्यासाठी आली नव्हती, कापसासाठी आली होती. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला तोही कापसाच्या मुलखाकडे डोळा ठेवूनच. आपल्या कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना चोख माल वाजवी भावात मिळावा ही त्यामागची निकड. रेल्वेनं बंजारा तांड्यांचा बैलांवरून मीठ-धान्य वाहण्याचा धंदा बुडाला. आज पोहरादेवीच्या जत्रेला येणाऱ्या बायांच्या अंगावर जे काचेचं, कवड्यांचं भरतकाम असतं तसलं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलं आहे. कापड जपलं. ते शिवणारीचं पुढे काय झालं, हे कुठल्या पेटीत ठेवायचं?

कारंज्याला कापसाचा बाजार भरू लागला त्याच सुमारास मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईचा खटला चालू होता. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला तयार नव्हती. दादाजी भिकाजीनं १८८४ मध्ये तिला नांदायला आणण्याचा दावा टाकला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं आपण नीट लक्षात ठेवायला हवं: असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडमधून इथे आणला गेला आहे. आणि ते खरंच होतं. हा उपाय मूळचा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांचा. अपिलात निकाल फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंगात जाईन, असं रखमाबाई म्हणाली. गंमत (कसली गंमत!) अशी की असा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकणं खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्येच थांबवलं होतं. तिकडे टाकून दिलेलं इकडे वापरात.

त्या वेळी 'केसरी'नं कोणाची बाजू घेतली ते तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजांचं सगळं नको, पण बायकोला फरफटत आणण्याचा इंग्रजी दावा मात्र बघता बघता आपला धर्म झाला. उलट रखमाबाईच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत कामा हॉस्पिटलच्या इंग्रज डॉक्टर एडिथ पीची होत्या. १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. पुढच्याच वर्षी रखमाबाई लंडनला गेली, बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत-राजकोटला तिनं आयुष्यभर काम केलं. सांस्कृतिक संबंध म्हणायचेच असतील तर मी याला म्हणेन. एका बाईनं दुसरीसाठी दार उघडलं. मात्र तोच देश एका हातानं दार उघडत होता आणि दुसऱ्या हातानं कुलूप पाठवत होता, हेही सांगितलं पाहिजे.

रखमाबाई १९५५ साली वारली. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला आणि तिला छळणारा तो दावा कलम ९ म्हणून त्यात बसला. इंग्लंडनं १९७० मध्ये कायदा करून हा उपायच रद्द केला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टानं सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, कारण बाईचं शरीर कोणाच्या हुकमानं कोणाच्या स्वाधीन करता येत नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं. लग्न टिकवण्यात समाजाचं हित आहे म्हणून. इंग्रजांचे फौजदारी कायदे गाडून टाकल्याचा गाजावाजा १ जुलै २०२४ ला झाला, पण नवऱ्याचा बलात्कार हा बलात्कार नाही ही इंग्रजी सवलत नव्या न्याय संहितेतही तशीच बसली. इंग्लंडच्या न्यायालयानं ती १९९१ मध्येच मोडीत काढली आहे. हे आम्ही काढलं की उत्तर येतं, "ताई, ही आपली संस्कृती आहे." कोणाची?

आता आमच्या घरचं सांगते. आम्हीही कलम ९ वापरलं आहे. नवऱ्यानं सोडचिठ्ठीचा दावा टाकला आणि बाई म्हणाली, मला सोडायचं नाही, तर वकील पहिलं कलम ९ च सुचवतात. बाईला माहेरी थारा नसतो, भाऊ दारात उभं करत नाही, शेतात नाव नाही. अशा वेळी 'नांदवून घ्या' हा तिच्या हातातला एकच कागद असतो. त्यामुळे कलम रद्द करा म्हणताना माझा आवाज थोडा अडखळतो, आणि तो अडखळलाच पाहिजे. पण मी केंद्रातले असे कागद आठवून पाहिले. हुकूम घेऊन सुखानं नांदलेली बाई मला आठवत नाही. कोणाच्या दाराला कुलूप होतं, कोणाला स्वयंपाकघराच्या बाहेर झोपवलं. आम्ही तिला छप्पर मिळवून देत होतो असं समजत होतो, खरं तर घरच्या आणि शेताच्या हक्काची लढाई टाळत होतो. राहत्या घराचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आहे. तो मागणं वेळखाऊ आहे, पण त्यात बाईला नवऱ्याच्या अंथरुणावर जावं लागत नाही. म्हणून माझं मत, कलम ९ जावं. आपल्यातल्या काहीजणींना ते पटणार नाही, त्यांनी जरूर लिहावं.

त्या दिवशी आम्ही नोटिशीचं उत्तर वकिलांकडून तयार करून घेतलं. मारहाणीचा दवाखान्याचा कागद जोडला. नांदायला जाण्याचा हुकूम झाला म्हणून खावटी आपोआप बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं आहे, तेही तिला समजावलं. हे तुमच्या गावातल्या बायांनाही सांगा, कारण नोटीस आली की बाया घाबरून खावटीचा अर्जच मागे घेतात, आणि नोटीस त्यासाठीच असते.

रखमाबाईची गोष्ट तिनं मन लावून ऐकली. मग विचारलं, "त्या बाईच्या नवऱ्यानं दोन हजार घेतले म्हन्ता. तवाचे दोन हजार?"

"हो, तेव्हाचे."

"मंग माह्यावाला काय मागते त पाहू," म्हणाली, आणि कागद पुन्हा चौपट घडी करून पिशवीत ठेवला. पुढच्या तारखेला आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत जाणार आहोत.