पिशवी कुजते, राख उरते

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी भाजीच्या हातगाडीवरून त्या हटलेल्या नाहीत. स्टार्चपासून केलेली, कुजणारी फिल्म पावसाळी हवेत ओलावा शोषून सैल पडते. ओझे पेलण्याइतका दम तिच्यात नसतो. इकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांतून राख निघतच राहते, कारण आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. ही राख फिल्ममध्ये मिसळून ती बळकट करण्याच्या संशोधनाला पाठबळ मिळायला हवे. मात्र त्याची खरी कसोटी पिशवी किती ताण सोसते ही नसून, ती कुजल्यावर मातीत काय उरते, ही आहे.

राखेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या गुळगुळीत गोळीसारखा दिसतो. त्यात मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असते. गुळगुळीत कणाला स्टार्च नीट धरत नाही. म्हणून राख चाळून, धुऊन तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया करतात. पृष्ठभाग खरबरीत झाला की पकड घट्ट होते. प्रमाण मात्र थोडेच हवे. राख जास्त झाली, की कणांच्या गुठळ्या होतात आणि फिल्म नेमकी तिथेच फाटते.

एवढ्याशा राखेने राखेचे डोंगर कसे हटणार, हा आक्षेप रास्त आहे. ते हटणार नाहीत. सिमेंट आणि विटा हेच राखेचे मोठे गिऱ्हाईक राहील. इथला लाभ आहे तो चांगल्या पिशवीचा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम असू शकते. कुजण्याच्या चाचणीत सेंद्रिय कार्बनचे रूपांतर मोजतात. राख कुजत नाही, ती खतात आणि तिथून शेतात जाते. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या मानकांत जड धातूंची मर्यादा आहे, हे खरे. पण कोळसा बदलला की राख बदलते. एकदा मिळालेले प्रमाणपत्र पुढच्या प्रत्येक खेपेची हमी देऊ शकत नाही.

जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळा येथे राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. तीच राख पिशवीच्या वाटेने शेतात पोहोचू नये. म्हणून राखेच्या प्रत्येक खेपेची आणि फिल्म कुजल्यानंतरच्या खताची तपासणी सक्तीची करावी, अहवाल जाहीर करावेत आणि तोवर अन्नाच्या वेष्टनांत व शेतातल्या आच्छादनांत ही फिल्म वापरू देऊ नये.