शाळेजवळचं घर, पण कुणाच्या जिवावर?

गेल्या वर्षी आम्ही आमचं पहिलं घर घेतलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. तोवर कशेळ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी इथल्या वाड्यांवर बायकांच्या बचतगटांचं काम करते आणि नवरा कल्याणला नोकरीला जातो. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत. थोडे पैसे साठले, कर्ज मिळेल असं बँकेने सांगितलं आणि मग घर कुठे घ्यायचं हा प्रश्न आला.

प्रश्न आमच्यापुढे होता, पण उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. नातेवाईक, शेजारी, नवऱ्याचे मित्र, सगळे एकच सांगत होते, "आधी शाळा बघा, मग घर बघा." बदलापूरला जा, तिथे इंग्रजी माध्यमाच्या चांगल्या शाळा आहेत. निदान कर्जतला तरी जा. बिल्डरांच्या कागदांवरही तेच. स्टेशन किती मिनिटांवर, शाळा किती मिनिटांवर. पाणी किती तास येतं हे मात्र कुठेच छापलेलं नसतं, कारण पाणी भरणारी घर निवडायला येत नाही असं त्यांनी गृहीत धरलेलं असावं.

आम्ही बदलापूरच्या बाजूला जागा बघितल्या. एका शाळेत प्रवेशाची चौकशीही केली. समोरच्या बाईंनी फॉर्म दिला, फी सांगितली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आई घरी असते ना?" मी म्हटलं, "नाही, मी काम करते." त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग अभ्यास कोण घेणार? आमच्याकडे पालकांना लक्ष घालावं लागतं." नवरा माझ्या शेजारीच बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

परत येताना गाडीत मी हिशेब मांडला. घराचा हप्ता, शाळेची फी, व्हॅनचे पैसे, गणवेश, शिकवणी. नवऱ्याने हे सगळं वहीत लिहिलं होतं. त्याच्या वहीत माझं काम सोडणं नव्हतं. बदलापूरहून रोज कशेळ्याच्या वाड्यांवर येऊन पुन्हा शाळा सुटायच्या वेळी परतणं मला शक्य नव्हतं. म्हणजे शाळेजवळचं घर घ्यायचं तर मी नोकरी सोडायची, हे न बोलताच ठरलं होतं. पहाटे पाचला उठून डबे, व्हॅनपर्यंत सोडणं, आणणं, गृहपाठ, पालकसभा हे सगळं 'शाळा चांगली आहे' या तीन शब्दांच्या आत दडलेलं असतं. चांगल्या शाळेची निम्मी फी आई आपल्या दिवसातून भरते, आणि तिची पावती कुणी देत नाही.

मी हे बोलले तेव्हा नवरा गप्प झाला. भांडला नाही. पण "मुलांच्या भविष्याचा प्रश्न आहे" एवढं म्हणाला. या वाक्यापुढे बाईला बोलता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या कामाचं नाव काढलं की आपण स्वार्थी ठरतो.

मग सासूबाईंनी तोडगा सुचवला. मुलाला तेवढं इंग्रजी शाळेत घालू, मुलगी आता चौथीपर्यंत इथेच शिकली आहे, ती इथेच राहील. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या काटकसरीने संसार केलेल्या बाई आहेत. पण पैसे कमी पडले की आधी कुणाच्या शिक्षणाला कात्री लागते हे त्यांनी सहज सांगून टाकलं. माझी मुलगी तिथेच बसून ऐकत होती. तिने रात्री मला विचारलं, "आई, माझी शाळा वाईट आहे का?"

त्या प्रश्नाने मी हलले. कारण मी ज्या वाड्यांवर जाते तिथल्या बायकांना हीच शाळा सांगत असते. पोरीला शाळेत घाला, हजेरी बुडवू नका. आणि माझ्या पोरांसाठी मात्र दुसरं गाव शोधत होते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत घराची जागा निवडणं हीच मुळात मोठी चैन आहे. इथल्या कित्येक कातकरी वाड्या वर्षानुवर्षं वसलेल्या आहेत, पण जमीन दुसऱ्याच्या नावावर. जमिनींचे भाव वाढले, मुंबई-पुण्याच्या लोकांचे फार्महाऊस आले, कुंपणं आली, आणि पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांना "ही जागा तुमची नाही" असं ऐकावं लागलं. कशेळ्यातल्याच अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने या प्रश्नावर काम केलं. तिथले राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक २०१३ साली निघालं. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला तेव्हा काही मुलं वाचली, कारण ती आश्रमशाळेत होती. शिकण्यासाठी घरापासून लांब राहणारी ती मुलं, त्यांच्यामागे घर उरलं नाही.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष गेलं. गटातल्या एका बाईला मी म्हटलं, "पोरगी हुशार आहे, तिला मागे ठेव." ती म्हणाली, "ताई, कुणाकडं ठेवू? आन् धाकट्याला भट्टीवर कोण धरील?" मी तिला उत्तर देऊ शकले नाही. मुलांना सांभाळायचं काम बाईचं, बाईला ते जमलं नाही तर ते मुलीचं. बदलापूरच्या ऑफिसात मला विचारलेला प्रश्न आणि हिचा प्रश्न मला एकाच जातीचे वाटले. फरक एवढाच की माझ्याकडे नोकरी सोडण्याचा पर्याय होता, तिच्याकडे तोही नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असं महाराष्ट्राच्या नियमांत आहे. म्हणजे शाळेने मुलांजवळ यायचं, मुलांनी शाळेमागे धावायचं नाही. पण २०१७ च्या डिसेंबरात पटसंख्या दहापेक्षा कमी म्हणून राज्यातल्या १,३१४ शाळा बंद करून दुसऱ्या शाळांत मिसळायचा निर्णय झाला. २०२३ मध्ये लहान शाळांच्या जागी 'समूह शाळा' करायचं घाटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला गरिबांच्या २५ टक्के जागांतून सूट देणारा नियम आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला.

शाळा लांब गेली की आधी कोण घरी बसतं? मुलगी. रस्ता एकटीने चालायचा, ओढा ओलांडायचा, वयात आलेली, कोण जबाबदारी घेणार? मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण पासाला चाकं नसतात. गाडी वेळेवर आली तर उपयोग. २०२१-२२ च्या एसटी संपात आमच्या कामातल्या कितीतरी मुली महिनोन् महिने घरी बसल्या.

आणि पट कमी का होतो? जन्म कमी झाले, लोक स्थलांतर करतात, हे आहेच. पण माझ्यासारख्या, चार अक्षरं शिकलेल्या, अर्ज लिहू शकणाऱ्या आया शाळा बघून गाव सोडतात हेही आहे. आपण गेलो की शाळेत प्रश्न विचारणारं कुणी राहत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा सांगतो. एका वाडीवर मी समितीच्या कागदावर सही असलेल्या बाईला भेटले. ती समितीत आहे हे तिला माहीतच नव्हतं.

आपल्याकडे उलटा विचार करणाऱ्या बायका होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम केलं. मुलं अंगणवाडीपर्यंत येत नाहीत तर अंगणवाडी त्यांच्या अंगणात नेली. मुलं गुरांमागे जातात तर कुरणातच शाळा भरवली. पुढे विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. या बायामाणसांनी मुलाच्या आईला गाव बदलायला सांगितलं नाही.

आम्ही शेवटी कशेळ्यातच घर घेतलं. दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतच आहेत. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आणि नवऱ्याला ते आधी पटलं ते सवलतीमुळे. मला त्याचंही वाईट वाटत नाही. कारण काहीही असो, दारावर नाव माझं आहे. पण नाव बाईचं आणि निर्णय दुसऱ्याचा असंही घडतं, म्हणून सांगते, सवलत घेताना घराची जागा कुणी ठरवली हेही आपल्या गटांत विचारा.

मी फार मोठा त्याग केला असं कृपा करून समजू नका. मला भीती वाटते. मुलगी मोठी झाली की आठवीनंतर, दहावीनंतर काय? इंग्रजीत मागे पडली तर ती मला दोष देईल का? एक मैत्रीण स्पष्टच म्हणाली, "तुझ्या तत्त्वांचा प्रयोग पोरांवर करू नकोस." तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. ज्या परित्यक्ता बहिणीला गावात सुखाने जगू देत नाहीत, तिने शहरात खोली घेतली आणि मुलाला तिथल्या शाळेत घातलं तर तिला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? गाव सोडणारी बाई आपली शत्रू नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. चांगली शाळा कुठे आहे हे प्रत्येक कुटुंबाने एकेकट्याने शोधायचं आणि त्याची किंमत त्या घरातल्या बाईने गपचूप मोजायची, हे आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलं आहे की त्याला प्रश्न म्हणायचंही विसरलो. दारू, मारहाण, रेशन यांसाठी आपण एकत्र येतो, मोर्चे काढतो. शाळेसाठी मात्र आपण घरं बदलतो.

या जूनपासून आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येक वाडीच्या शाळा समितीत कोण बाया आहेत ते शोधून त्यांना सभेला घेऊन जायचं. दिवाळीआधी भट्टीवर जाणाऱ्या मुलांची यादी करून त्यांच्या राहण्याची आणि धाकट्या भावंडांच्या पाळणाघराची मागणी पंचायत समितीत लावून धरायची. आणि घराच्या प्रत्येक कागदावर बाईचं नाव आहे का ते बघायचं. यातलं किती जमेल ते पुढच्या वर्षी कळवीन.

मुलीला मात्र त्या रात्री मी सांगितलं, "शाळा वाईट नाही, पण तिच्यात काय कमी आहे ते आपण दोघी जाऊन विचारू." ती म्हणाली, "बाबा पण येतील ना?" मी म्हटलं, "त्यांनाही नेऊ."

तुमच्या गावात काय चित्र आहे? शाळेमुळे घर बदललेल्या, नोकरी सोडलेल्या मैत्रिणी तुमच्या गटात किती आहेत? जरूर लिहा.